दिवाळीनंतरचं डिटॉक्स: रस नको, कढण घ्या

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. फराळानं पोट जड झालंय, वजन ७४ वर गेलंय, म्हणून सोमवारपासून घरीच सात दिवसांचं डिटॉक्स करायचं. सकाळ-दुपार दुधी, बीट आणि पालकाचा रस, रात्री लिंबू-मध-पाणी, दिवसभरात पाच लिटर पाणी, पोळी-भात-डाळ बंद आणि शेवटच्या रात्री एप्सम सॉल्ट (जुलाब होण्यासाठी घेतात तो क्षार), ऑलिव्ह तेल व लिंबाचा रस. सासूबाईंना मधुमेह आहे, तरी त्याही सोबत करणार म्हणताहेत. मी हॉस्पिटलच्या आहारविभागात २६ वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हा तक्ता पाळू नका. पोटाला विसावा द्यावासा वाटतोय ते मात्र अगदी बरोबर आहे, आणि त्याची सोय आपल्याच स्वयंपाकघरात आहे.

आधी दुधीचं सांगते, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. माझ्या धाकट्या जावेनं असाच एक दिवस उपाशीपोटी ग्लासभर दुधीचा रस घेतला. कडू लागला, पण कडू म्हणजे औषधी, असं समजून नाक दाबून संपवला. अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या, पुढच्या उलटीत रक्त आलं. ग्लासाच्या तळाशी फिकट हिरवा साका उरला होता, तो मी डॉक्टरांना दाखवायला बाटलीत भरून नेला. रक्तदाब इतका खाली गेला होता की चार दिवस ती आयसीयूत होती. कडू दुधीत कुकरबिटासिन नावाचं विष असतं. शिजवूनही ते जात नाही आणि त्यावर उतारा नाही, फक्त सलाईन आणि देखरेख. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञांचा अशा रसानं मृत्यू झाला, त्यानंतर आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, तज्ज्ञांची समिती नेमली. त्यांचा सल्ला साधा आहे: आधी लहानसा तुकडा चाखा, कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी फेकून द्या, दुसऱ्या रसात मिसळू नका. तुमच्या तक्त्यात नेमकं मिसळायलाच सांगितलंय. बीटच्या गोडीत दुधीचा कडवटपणा झाकला जातो आणि जीभ जो इशारा देते तो मिळतच नाही. मी आजही भाजीच्या दुधीचीसुद्धा कापताना एक चकती जिभेवर ठेवून बघते. काकडी आणि दोडक्याचंही तेच.

आता त्या 'विषारी द्रव्यां'विषयी. तुमचं यकृत साधारण दीड किलोचं आहे आणि ते हे काम रात्रंदिवस करतं. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. आतड्याचं अस्तर तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं, त्यामुळे वर्षानुवर्षं चिकटलेला मळ वगैरे काही नसतं. यातलं काहीच रसावर चालत नाही. उलट कच्च्या पालकात आणि बीटमध्ये ऑक्झलेट, म्हणजे मुतखडे करणारं द्रव्य, भरपूर असतं. रोज मोठे ग्लास भरून घेतल्यानं मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. कधी मुतखडा झाला असेल तर या रसाच्या वाटेलाच जाऊ नका.

पहिल्या तीन दिवसांत दोन किलो उतरतील हे खरं आहे, पण ती चरबी नसते. शरीरात साठवलेली साखर म्हणजे ग्लायकोजेन, आणि त्याच्या एका ग्रॅममागे जवळजवळ तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. धान्य थांबलं की ती साखर वापरली जाते आणि पाणी बाहेर पडतं. पहिल्या पोळीबरोबर ते परत येतं. डाळ बंद केल्यानं मात्र शरीर स्नायू मोडून प्रथिनं काढतं, आणि बेचाळिशीत गेलेला स्नायू सहज भरून येत नाही. पाच लिटर पाणीही नको. मीठ आणि प्रथिनं जवळजवळ बंद असताना एवढं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, पुढे भ्रमही होतो. आणि त्या शेवटच्या रात्रीनंतर हिरवट खडे पडतात ना, ते पित्ताशयातले नव्हेत. तेल आणि लिंबाच्या रसाचे पोटात झालेले साबणासारखे गोळे असतात ते.

मग काय करायचं? कमी करा, थांबवू नका. सकाळी पेज घ्या किंवा मऊ भात, मेतकूट आणि चमचाभर तूप. दुपारी ज्वारीची भाकरी, एक पालेभाजी, एक फळभाजी, वरण आणि पातळ ताक. संध्याकाळी पेरू किंवा पपई. रात्री सात-साडेसातला मुगाचं कढण. अर्धी वाटी मूग कोरडेच खमंग भाजायचे, सहा वाट्या पाण्यात आलं-हळद घालून पार मऊ शिजवायचे, घोटून घ्यायचे आणि वर तुपाची जिरं-हिंगाची फोडणी. आमच्या आईकडे ताप उतरल्यावर पहिला घास याचाच असायचा. काही जण मूग गाळून वरचं पाणीच देतात, पण तुम्ही आजारी नाही, सगळं घ्या, प्रथिनं त्यातच आहेत. फराळाचे डबे वाटून टाका. पापड-लोणचं आठवडाभर कपाटात, मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. अंग सुजल्यासारखं वाटतं ते बहुतेक शेव-चकलीच्या मिठामुळेच. पाणी तहानेप्रमाणे, लघवी फिकट पिवळी राहील एवढं. चहा एकदम तोडू नका, दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं आणि लोक त्यालाच 'विष बाहेर पडतंय' म्हणतात. चारचे तीन, तीनचे दोन असं करा.

एरंडेल किंवा सोनामुखी पोट साफ व्हावं म्हणून रोज घेऊ नका, आतडं आळशावतं. शरदात विरेचन, म्हणजे औषधानं जुलाब करवणं, करतात हे खरं, पण ते वैद्यांनी नाडी बघून, आधी स्नेहन-स्वेदन (तेल-तूप आणि शेक) करून द्यायचं असतं. लेखातलं प्रमाण बघून घरी घ्यायचं नसतं. गुळवेलीचा काढाही महिनोन्‌महिने घेऊ नका. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचं लिहिलं होतं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, तो वाद तज्ज्ञांचा. यकृताचा जुना त्रास असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

सासूबाईंबद्दल मी फार आग्रहानं सांगते. त्यांना रसावर ठेवू नका, एक दिवसही नाही. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेऊन धान्य बंद केलं तर साखर एकदम उतरते. घाम येतो, हात थरथरतात, झोपेत झालं तर कुणाला कळतही नाही. मधुमेहाच्याच डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळीवर उपास घडला तर रक्तात कीटोन (चरबी वापरली जाताना तयार होणारी आम्लं) वाढून साखर फारशी वाढलेली नसतानाही माणूस गंभीर होतो. रक्त पातळ करणारं वॉरफरिन असेल, तर पालेभाज्यांचं प्रमाणही अचानक वाढवायचं नाही. वर सांगितलेलं हलकं जेवण त्या नेहमीच्या वेळेला घेऊ शकतात, मात्र त्यांच्या डॉक्टरांना एक फोन करून, आणि त्या आठवड्यात ग्लुकोमीटरवर साखर बघत. त्यांच्या गोळ्यांची नावं मला कळवा, म्हणजे डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते लिहून देते.

आठवडाभरात पोट हलकं वाटायला हवं. भूक मेलेलीच राहिली, डोळे पिवळे दिसले, शौचाला काळं झालं किंवा नीट खाऊनही वजन उतरत राहिलं, तर आहाराचे प्रयोग सोडून तपासण्या करून घ्या. नाहीतर सोमवारपासून सुरू करा. रविवारीच मूग भाजून डब्यात भरून ठेवलेत तर रात्री कामावरून आल्यावर फक्त कुकर लावायचा उरतो.