फोटो फ्री होता, तरी ४०,००० ची नोटीस आली, काय करू?

नमस्कार. तुमचं कोल्हापुरात राजारामपुरीत प्रिंटिंगचं दुकान, पन्हाळ्याच्या एका होमस्टेच्या पत्रकावर तुम्ही विकिमीडिया कॉमन्स या फुकट फोटोंच्या वेबसाइटवरचा, पन्हाळा किल्ल्यातल्या तीन दरवाजाचा फोटो टाकला, फोटो काढणाऱ्याचं नाव दिलं नाही, आणि आता पुण्याच्या फोटोग्राफरनं वकिलामार्फत ४०,००० मागितलेत. तुम्ही विचारताय, फोटो फ्री होता, किल्ला सगळ्यांचा, मग पैसे कसले?

किल्ला सगळ्यांचाच, पण फोटो ज्यानं काढला त्याचा. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणं त्याचा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि कॉमन्सवर टाकला म्हणजे त्यानं हक्क सोडला असं नाही, फक्त अटी घालून सगळ्यांना आधीच परवानगी देऊन ठेवली. तुमच्या स्क्रीनशॉटवर सीसी बाय-एसए ४.० हे लायसन्स, म्हणजे परवाना, आहे. म्हणजे फोटोग्राफर सांगतो, धंद्याला वापरा, छापा, बदला, एक रुपया नको, पण माझं नाव आणि लायसन्स लिहा, लिंक द्या, बदल केला तर तसं सांगा आणि बदललेला फोटो याच लायसन्सखाली ठेवा. तुम्ही तर मागचं आभाळच बदललंय, त्यामुळं ही शेवटची अटही तुम्हाला लागू होते, फक्त ती त्या फोटोपुरती, पत्रकातला मजकूर आणि लोगो त्यात येत नाहीत.

आता महत्त्वाचं. ४.० मध्ये अशी सोय आहे की चूक कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर तुटलेली परवानगी आपोआप परत चालू होते (आधीच्या ३.० आवृत्तीत ही सोय नव्हती). नोटीस आली तो दिवस धरा आणि कामाला लागा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी फाइल आजच बदला, उरलेल्या छापील पत्रकांवर नाव, लायसन्स, लिंक आणि 'आभाळ बदललं आहे' एवढा छोटा स्टिकर लावा, आणि सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

म्हणून मागचं माफ झालं असं नाही बरं का, आधीच्या वापराची भरपाई ते मागू शकतात, आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळं दावा पुण्यातच लावू शकतात, तेव्हा नोटीस ड्रॉवरमध्ये टाकू नका. पण ४०,००० हा त्यांचा आकडा आहे, कोर्टाचा नाही. काय दुरुस्त केलं ते लिहून, 'विदाउट प्रेज्युडिस' (म्हणजे यातून माझे हक्क सुटत नाहीत) घालून वकिलामार्फत उत्तर द्या, आणि माफी मागून वाजवी रक्कम स्वतःहून सुचवा. मला विचाराल तर थोडं द्यावंच. २००४ पासून चाललेल्या कॉमन्सवर १० कोटींच्या वर फाइल्स आहेत, लोक स्वतःच्या खर्चानं उन्हातान्हात गड चढून फोटो काढतात आणि तुमच्या-आमच्यासाठी ठेवून देतात, स्टॉक फोटोचे पैसे परवडत नाहीत अशा प्रत्येक छोट्या दुकानाला त्याचा आधार आहे, आणि त्या माणसानं बदल्यात मागितलं काय, तर नाव. ते खाल्लं की मला खरंच वाईट वाटतं.

नाव द्यायची कटकटच नको असेल तर सीसी झिरो, म्हणजे काढणाऱ्यानं सगळे हक्क सोडलेत असं, लिहिलेले फोटो शोधा, पण ती ओळ प्रत्येक फोटोखाली स्वतः वाचायची, गुगल इमेजेसवर दिसला म्हणून उचलायचा नाही.

आणि होमस्टेवाल्यांना आजच फोन करा, पत्रक त्यांच्या नावानं फिरतंय, पुढची नोटीस त्यांनाही येऊ शकते.