'पर्ज'ला शुद्धीकरण म्हणावं का?

नाशिकमध्ये इतिहास शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : बीजिंगच्या तिआनमेन चौकातलं १९८९ चं विद्यार्थ्यांचं आंदोलन मोडून काढल्यावर चिनी कम्युनिस्ट पक्षात जे 'पर्ज' झालं, म्हणजे नकोशी माणसं पक्षातून काढली गेली, त्याला कोशात 'शुद्धीकरण' हा प्रतिशब्द दिलाय. निबंधात तोच वापरू का?

नको. अवतरणचिन्हांशिवाय तर नकोच.

शुद्धीकरण म्हटलं की विटाळ झाला होता हे आपण आधीच कबूल करून बसतो. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी प्यायले. पुढे सनातन्यांनी त्या तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतल्या, आणि त्यालाही नाव शुद्धीकरणच. १९३० साली काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रही उभे राहिले ते तुमच्याच गावात. तिथे तरी हा शब्द जपून वापरावा.

रशियन 'चिस्तका' याच जातीचा, अर्थ साफसफाई. चिनी 'छिंगशी' म्हणजे धुऊन काढणं. मळ काढला म्हटलं की माणसं काढली असं म्हणावं लागत नाही.

बीजिंगमध्ये तर एका शब्दावरूनच ठिणगी पडली. पक्षाचं मुखपत्र असलेल्या 'पीपल्स डेली'च्या २६ एप्रिल १९८९ च्या अग्रलेखाने आंदोलनाला 'तोंगलुआन' म्हटलं. आपल्याकडे 'अंदाधुंदी' त्याच्या जवळ जाईल. सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांनाही हेच नाव दिलेलं असल्याने मुलांना तो शब्द फार झोंबला. दुसऱ्याच दिवशी प्रचंड मोर्चा निघाला. अग्रलेखाचा शिक्का पुसा, ही मागणी पुढे कायम राहिली. पक्षाचे सरचिटणीस झाओ झियांग यांनाही तो सूर मवाळ व्हायला हवा होता. ३-४ जूनच्या रात्री लष्कराने गोळ्या चालवल्या. त्याच महिन्यात झाओंचं पद गेलं. ठपका काय, तर अंदाधुंदीला पाठिंबा दिला आणि पक्षात फूट पाडली! अग्रलेखातला शब्द असा थेट आरोपात येऊन बसला. जानेवारी २००५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते नजरकैदेत होते. त्यांचे सहकारी बाओ तोंग यांना तर २८ मेलाच उचललं होतं; त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली.

मग मराठीत काय म्हणावं? निफाडकडचे माझे एक बागायतदार स्नेही 'छाटणी' सुचवतात. शब्द कसदार आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतरची द्राक्षबाग मी पाहिली आहे : मांडवावर पान म्हणून उरत नाही, नुसते खुंट, आणि खाली काड्यांचा खच. पण ती छाटणी वेलीच्या भल्यासाठी असते, पुढच्या घडांसाठी. तो शब्द घेतला की कात्री चालवणारा आपोआप शहाणा ठरतो. म्हणून तोही बाद.

'हकालपट्टी' मला पटतो. त्यात हाकलणारा दिसतो, हाकललेलाही दिसतो, आणि घाण कोण याचा निकाल आपण देत नाही. एकट्या झाओंपुरता तो पुरेसा आहे. माणसं एकामागून एक जाऊ लागली की पुढे 'सत्र' जोडा; अटकसत्र, राजीनामासत्र आपण रोज वाचतोच. सत्र म्हणजे मुळात दिवसेंदिवस चालणारा यज्ञ. जनमेजयाच्या सर्पसत्रात एकेक साप ओढला जाऊन आगीत पडत होता. 'हकालपट्टीसत्र'मध्ये ते न थांबणं बरोबर उतरतं.

चौकातल्या मुलांना आणि कामगारांना मात्र हा शब्द लावू नका. ते पक्षाचे पदाधिकारी नव्हते. त्यांची धरपकड झाली. 'आंदोलन चिरडलं' हेही जरा थांबून लिहा. लाठीमारालाही आपण चिरडणं म्हणतो, आणि बीजिंगच्या रस्त्यांवर खरोखरचे रणगाडे होते. तेव्हा रणगाडे आणि गोळीबार हे शब्द वाक्यात येऊ द्या.

तुमचं वाक्य मी असं करीन : 'लष्कराने रणगाडे आणून, गोळीबार करून आंदोलन मोडून काढलं, आंदोलकांची धरपकड झाली आणि पक्षात हकालपट्टीसत्र सुरू झालं.'