सेवेला निघण्यापूर्वी

आपण सेवाकार्यात नवीन आहात, म्हणून सांगतो: मदत करण्यापूर्वी समोरच्याला काय हवे ते विचारावे. बायबलमधील मार्काच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात आंधळ्या बार्तीमयाची गरज उघड दिसत असूनही येशूने त्याला आधी त्याची इच्छाच विचारली. अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांना मी उत्साहाने घास भरवू लागलो, तेव्हा त्यांनी थरथरत्या हाताने चमचा काढून घेतला. त्यांना भरवणारा नव्हे, शेजारी बसणारा हवा होता. ज्या घरी सेवेला जाल, तेथील हकीकत प्रार्थनासभेतही सांगू नये, आणि हेच सर्वांत अवघड जाते. सारे एकट्याने करण्याचा हट्टही नको. लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायातील शोमरोन्यानेसुद्धा (शोमरोन प्रांतातील माणसानेसुद्धा) वाटेत पडलेल्या जखमी माणसाला उतारशाळेत नेऊन त्याची काळजी घेतली आणि दुसऱ्या दिवशी दोन दीनार देऊन पुढची शुश्रूषा तेथील मालकावर सोपवली.