बाळाच्या गोधड्या ऑनलाइन विकण्यासाठी नोकरी सोडावी का?

प्रश्न : मी ३९ वर्षांची असून हिंजवडीतील एका कंपनीच्या लेखा विभागात ११ वर्षे नोकरी करते. हातात ४२,००० रुपये पगार येतो. सासूबाई आणि मी मिळून बाळाच्या गोधड्या, दुपटी व कुंच्या शिवतो. गेल्या वर्षभरात ओळखीपाळखीत १४० गोधड्या विकल्या गेल्या. एका गोधडीला ३२० रुपये खर्च येतो आणि ती ६३० रुपयांना जाते. आता नोकरी सोडून ॲमेझॉन, फ्लिपकार्ट आणि मीशोवर विक्री सुरू करावी व त्यासाठी ४ लाखांची मुदतठेव मोडावी, असा विचार आहे. यजमानांचा पगार ५५,००० रुपये, घराचा हप्ता २८,००० आणि बाकीचा घरखर्च ४५,००० रुपये आहे. मुलगी नववीत आहे. आम्ही धायरीत राहतो. हा निर्णय योग्य ठरेल का?

उत्तर : व्यवसाय जरूर सुरू करा, पण राजीनामा आत्ता देऊ नका आणि मुदतठेवीला हात लावू नका. धायरी ते हिंजवडी हा रोजचा प्रवास पाहता नोकरी नकोशी होणे मी समजू शकतो. मात्र तो कंटाळा आणि व्यवसायाचा हिशेब या दोन गोष्टी तुमच्या पत्रात एकमेकींत मिसळल्या आहेत, असे मला वाटते.

आधी घराकडे पाहू. आज दोघांचे मिळून ९७,००० रुपये येतात, ७३,००० खर्च होतात आणि २४,००० उरतात. तुमचा पगार थांबला की दरमहा १८,००० रुपयांची तूट पडेल. ४ लाखांची ठेव ही तूट साधारण २२ महिने भरून काढू शकते, पण तिच्यातला एकही रुपया कापडात गेला नाही तरच. तुम्ही मात्र तीच ठेव भांडवल म्हणून वापरणार आहात. एकच रक्कम घरही चालवील आणि धंदाही चालवील, असे गृहीत धरले की सहा-आठ महिन्यांत हप्त्याच्या तारखेला धावपळ सुरू होते.

आता गोधडीचा हिशेब. ६३० वजा ३२०, म्हणजे एका नगामागे ३१० रुपये सुटतात, हे ओळखीतल्या विक्रीपुरते बरोबर आहे, कारण तिथे गिऱ्हाईक स्वतः घरी येते, रोख किंवा यूपीआयने पैसे देते आणि घेतलेली गोधडी परत करत नाही. जीएसटी नोंदणी असली की ऑनलाइन बाजारात ६३० रुपयांत ५ टक्के जीएसटी धरलेला असतो, म्हणून तुमची खरी किंमत ६०० होते. कमिशन, ठरावीक शुल्क आणि कुरिअर मिळून १५० रुपये धरू. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, पण नोंदणी असल्यास त्याची वजावट मिळते. जाहिरात केल्याशिवाय नव्या विक्रेत्याचा माल वर दिसत नाही, म्हणून एका ऑर्डरमागे ४० रुपये तिचे धरू. गोधडीचा ३२० रुपये खर्चही वजा केला की शिलकीत ९० रुपये राहतात.

एवढ्यावर थांबता येत नाही. २० ऑर्डरींपैकी ४ परत आल्या असे समजा. कॅश ऑन डिलिव्हरीत हे मुळीच अशक्य नाही, कारण दार न उघडणाऱ्यांची संख्या मोठी असते. टिकलेल्या १६ गोधड्यांचे १,४४० रुपये झाले. परत आलेल्या चारांवर जाहिरातीचे १६० रुपये फुकट गेले, जाण्यायेण्याच्या कुरिअरचे प्रत्येकी ११० प्रमाणे ४४० गेले, आणि चारांतली एक गोधडी पुन्हा विकता येणार नाही अशा अवस्थेत आली, तिचे ३२० गेले. हाती उरले ५२० रुपये, म्हणजे एका ऑर्डरमागे २६. तुमचा पगार भरून काढायला या दराने महिन्याला १,६०० हून अधिक, दिवसाला ५४ ऑर्डरी लागतील. हाताने धावदोरा घालणाऱ्या दोन बाया, त्यांतल्या एक सासूबाई, एवढ्या गोधड्या शिवू शकणार नाहीत.

परत आलेल्या मालाबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण लहान मुलांच्या वस्तूंत हा खर्च सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या एका बाईंनी परत आलेले दुपटे मला दाखवायलाच आणले होते. घडी व्यवस्थित, खूणचिठ्ठी जागेवर, पण उलगडल्यावर पावडरीचा आणि खोबरेल तेलाचा वास. बारसे आटोपून दुपटे परत आले होते. असा नग धुऊन दुसऱ्या बाळासाठी पाठवणे योग्य नाही आणि त्या बाईंनी तो पाठवलाही नाही. त्यांनी भरपाईचा दावा केला; तो मुदतीत केला म्हणून थोडे पैसे मिळाले. पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण करण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

वरील आकडे मी अंदाजाने घेतले आहेत. तिन्ही ठिकाणांची रेट कार्डे, म्हणजे शुल्काचे तक्ते, उघडून आपल्या वजनाच्या पार्सलचे शुल्क त्यांत घाला. काही ठिकाणी कमिशन शून्य असल्याचे सांगतात आणि ते खरेही असते, पण कुरिअर, जाहिरात आणि रिटर्न यांचा भार त्याने जात नाही.

तरीही मी नाही म्हणत नाही, याचे कारण तुमच्या पत्रातच आहे. तुम्ही गोधडी, दुपटे आणि कुंची तिन्ही शिवता. सुटी गोधडी यंत्रावर शिवलेल्या स्वस्त रजयांच्या रांगेत जाऊन बसते; बारशाच्या भेटीचा तीन नगांचा संच तसा बसत नाही. संच १,४७० रुपयांना ठेवला तर कर वजा जाता १,४०० उरतात. शिवणीचा खर्च ७००, शुल्क व कुरिअर २६० आणि जाहिरात ६० धरली, तर ३८० सुटतात. २० पैकी ४ परत आल्याचा तोच हिशेब, परतीचे कुरिअर १३० धरून लावला, तरी एका ऑर्डरमागे २३१ रुपये राहतात. पगाराइतकी कमाई दिवसाला सहा ऑर्डरींत होऊ शकते. पार्सल एकच, जाहिरात एकच, म्हणून हा फरक पडतो. सहा संचांसाठी शेजारच्या तीन-चार बायकांना नगावर मजुरी देऊन काम द्यावे लागेल. १,४७० रुपये लोक देतील का, हे मात्र कागदावर ठरवता येणार नाही.

त्यासाठी वर्षभर चाचणी घ्या आणि तिला ६०,००० रुपयांची मर्यादा घाला. दरमहा उरणाऱ्या २४,००० मधून ही रक्कम तीन महिन्यांत उभी राहते. रविवार पेठेतून ताग्यांनी कापड घेतले की स्वस्त पडते हे खरे. पहिल्या खेपेला तो मोह टाळून ४० संचांपुरतेच घ्या. विक्रीचे पैसे ग्राहकाला माल पोहोचल्यानंतर काही दिवसांनी जमा होतात आणि तोवर पुढचे कापड आपल्याच पैशांनी घ्यावे लागते. डिसेंबरात भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी संच समोर मांडता आला, तर किमतीचा अंदाज रिटर्नविना मिळेल.

जीएसटीबाबत १ ऑक्टोबर २०२३ पासून एक सवलत आहे. वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि माल महाराष्ट्रातच विकायचा असेल, तर नोंदणीऐवजी केवळ नावनोंदणी क्रमांक घेऊन ऑनलाइन बाजारात विक्री करता येते. मात्र तेव्हा वर धरलेली शुल्कावरील वजावट मिळत नाही. बंगळुरूला एक पार्सल पाठवायचे असले तरी पूर्ण नोंदणी लागते. माझ्या मते चाचणी राज्यापुरती करावी. नोंदणीनंतर बाजार-कंपनी विक्रीवर अर्धा टक्का जीएसटी आधीच कापून घेते. तो तुमच्या खात्यात जमा दिसतो, त्याला खर्च समजू नका. तयार कपड्यांना २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्याहून महाग नगावर १८ टक्के कर आहे, म्हणून संच महाग करताना ही रेषा ओलांडू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे. तिच्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका.

नोकरीत असताना व्यवसाय करण्यास नियुक्तिपत्रात मनाई आहे का, ते आजच वाचा. असल्यास लेखी परवानगी मागा.

सासूबाई कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यात असतील, तर राजीनाम्यापूर्वी त्यांच्यासाठी स्वतंत्र पॉलिसी घ्या. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो आणि तो नोकरीत असतानाच सुरू झालेला बरा. पीएफ काढू नका.

सलग सहा महिने, सगळे शुल्क, मजुरी आणि परत आलेला माल वजा जाता, बँकेत महिन्याला किमान २५,००० रुपये जमा झाले, तर घराची १८,००० ची तूट भरून थोडे शिल्लक राहील. त्या वेळी मुदतठेव शाबूत असल्यास राजीनामा देण्यास माझी हरकत नसेल. त्यातले तीन महिने सणासुदीबाहेरचे असावेत. मला दाखवताना विक्रीचा आकडा पाठवू नका, सेटलमेंटचा, म्हणजे सगळे कापून प्रत्यक्ष जमा झालेल्या पैशांचा, अहवाल पाठवा.