समुद्र नसलेल्या मराठवाड्याला प्लास्टिक कराराशी काय घेणंदेणं?

तुम्ही विचारलंय, समुद्रातल्या प्लास्टिकवर जगभर करार करायचं चाललंय, त्याच्याशी मराठवाड्याचा संबंध काय. हेच माझ्या थोरल्या चुलतभावाने, अण्णांनी, मला बांधावर भांडताना विचारलं होतं, म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव माजलगाव तालुक्यात. ओढा सिंदफणेला मिळतो, सिंदफणा मंजरथला गोदावरीत जाते आणि गोदावरी नांदेडवरून, तेलंगण-आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला. अण्णा टरबूज लावतात. पीक निघालं की मल्चिंगचा कागद, म्हणजे ओल टिकावी म्हणून मातीवर अंथरलेलं पातळ प्लास्टिक, उपटताना त्याच्या चिंध्या होतात. मातीने माखलेला, म्हणून भंगारवाला घेत नाही. मग थोडा पेटवायचा, बाकीचा ओढ्यात. काही म्हटलं की, "समुद्र कुठं, आपण कुठं!"

2025 च्या सप्टेंबरात पूर आला. तोच कागद, ठिबकच्या नळ्या, खताच्या गोण्या, सगळं कोल्हापुरी बंधाऱ्याच्या गाळ्यांत अडकलं. पाणी बाजूने फुटलं ते माझ्या कपाशीतून. कापूस गेलाच, पण काळी माती खरडून खालचा मुरूम उघडा पडला. ती माती मला या जन्मात परत मिळत नाही. अण्णांनी अजून त्यावर एक शब्द काढलेला नाही.

कराराचं म्हणाल तर 2022 मध्ये नैरोबीत तो करायचं ठरलं. 2024 ला बुसान, 2025 ला जिनिव्हा, दोन्हीकडे बोलणी फिसकटली. वाद हा की प्लास्टिक बनवण्यावरच मर्यादा घालायची, का फक्त कचरा आवरायचा. तेलवाले देश मर्यादेला तयार नाहीत, आपल्या सरकारलाही ती नको आहे. मला हे साफ चूक वाटतं. प्लास्टिक जवळजवळ सगळं खनिज तेल आणि वायूपासून होतं, हवामानही त्यांनीच बिघडवलंय. हवामानाची बैठक वेगळी, समुद्राची वेगळी, आणि शेतजमिनीचं कुणी विचारतच नाही. जहाजावरून समुद्रात प्लास्टिक फेकायला 1988 पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, पण जास्त प्लास्टिक जमिनीवरून नद्यांतून जातं.

आपल्याकडे 2018 ला राज्याने पिशव्या बंद केल्या. 2022 पासून कंपन्यांवर वापरलेलं प्लास्टिक गोळा करायची जबाबदारी आली, पण ती फक्त पॅकेजिंगची. मल्चिंगचा कागद पॅकेजिंग नाही. तो अंथरायला अनुदान आहे, परत घ्यायला कुणी नाही.

मल्चिंग बंद करा असं मी म्हणत नाही, आमच्या भागात त्याने पाणी वाचतं. आणि पाऊसच असा होता की कागद नसता तरी थोडंफार नुकसान झालंच असतं. पण अनुदानाचे निम्मे पैसे जुना कागद दुकानात जमा केल्याच्या पावतीवरच मिळावेत, आणि विकणाऱ्या दुकानदाराला तो घ्यावाच लागावा. तोवर, अण्णा, तुम्ही हे वाचणार म्हणून इथंच सांगतो: यंदाचा कागद ओढ्यात टाकू नका. ट्रॅक्टर मी आणतो, माझ्या गोठ्यामागं रचून ठेवू.