ऑथेल्लोवर आजच्या काळातला हिंदी सिनेमा लिहायचा तर रुमालाऐवजी काय ठेवावं?

तुम्ही विचारलंय की गोष्ट आज घडते, सगळ्यांच्या हातात मोबाईल आहे, तर रुमालाच्या जागी एखादा व्हिडिओ ठेवला तर चालेल का, आणि भाषा कुठल्या भागाची घ्यावी. शेक्सपिअरच्या मूळ नाटकात इयागो हा खलनायक ऑथेल्लोच्या बायकोचा, डेस्डेमोनाचा, रुमाल ऑथेल्लोचा साथीदार कॅसिओ याच्याकडे पोचवतो, आणि त्यावरून संशय घेऊन ऑथेल्लो तिचा खून करतो.

व्हिडिओ ठेवू नका. याच मुद्द्यावर मी पाच महिने भांडलोय आणि हरलोय, म्हणून लिहायला बसलो.

२०१२ साली अंधेरीतल्या एका ऑफिसात आम्ही तिघं जण याच नाटकावर पटकथा लिहीत होतो. मी सहायक लेखक. गोष्ट कानपूरची, जाजमऊच्या चामड्याच्या कारखान्यांतली. नायक मालकाचा उजवा हात, पण जातीमुळे त्याला मालकाच्या घरात ओसरीच्या पुढे पाऊल टाकता येत नाही. त्याच घरातल्या मुलीशी तो पळून जाऊन लग्न करतो. रुमालाच्या जागी मी चांदीचा छल्ला ठेवला होता, नायकाच्या वारलेल्या आईचा, किल्ल्या अडकवून कमरेला खोचायचा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या हाताने बायकोच्या कमरेला खोचतो. पुढे एका दुपारी कारखान्याच्या फाटकाशी त्याच्या धाकट्या साथीदाराची बुलेट उभी असते. इंजिन चालू, साथीदार पलीकडे पान घ्यायला गेलेला, आणि गाडीच्या किल्लीला तोच छल्ला लोंबतोय, इंजिनाबरोबर थरथरतोय. नायक बघत उभा राहतो. संवाद एकही नाही. ते पान लिहून झालं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

दिग्दर्शकाने ते वाचलं, टेबलावरचा टिशू पेपर उचलला, कटिंगच्या ग्लासाखाली उमटलेलं ओलं वर्तुळ पुसलं आणि बोळा माझ्यापुढे टाकला. "हा तुझा रुमाल. याच्यावरून कोण बायकोला मारतं? पब्लिक हसेल." आठवड्याभरात छल्ला गेला आणि त्या जागी बनावट व्हिडिओ आला. नवा ड्राफ्ट वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "आता पटतं की नाही?" पटत होतं, आणि तिथेच सगळं बिघडलं होतं.

तो व्हिडिओ बघून कुणीही फसला असता, तुम्ही, मी, शेजारचा वाणी. मग नायकाचं स्वतःचं असं काय राहिलं त्या खुनात? प्रेक्षकही त्याच्या मनात शिरण्याऐवजी व्हिडिओ खोटा आहे हे कधी उघडकीला येतंय याची वाट बघत बसतो. शोकांतिकेतला पुरावा तकलादूच असावा लागतो. त्याला जोर येतो तो बघणाऱ्याच्या मनातल्या जुन्या भीतीतून. आपण या घरात परके आहोत, आपल्याला ही मुलगी मिळालीच कशी, ही भीती. नाटकातला तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश पुन्हा वाचा. डेस्डेमोना दुखऱ्या डोक्याला रुमाल बांधायला येते, ऑथेल्लो तो लहान आहे म्हणून झिडकारतो, आणि रुमाल तिथेच खाली पडतो. म्हणजे तो हरवायला ऑथेल्लोच कारण आहे. पुढे त्याच रुमालाचा जाब तो तिला विचारतो, आणि स्वतःच झिडकारल्याची त्याला आठवणही नसते. एवढं सगळं त्या कापडाच्या तुकड्यात भरलंय, ते व्हिडिओत कसं बसवणार?

दिग्दर्शकाचा आक्षेप काही नवा नव्हता. थॉमस रायमर या इंग्रज टीकाकाराने १६९३ मध्ये याच रुमालाची टर उडवली होती. नाटक त्याला पुरून उरलं. याच नाटकावरच्या २००६ च्या 'ओंकारा' सिनेमात दिग्दर्शक विशाल भारद्वाज यांनी रुमालाचा कमरबंद केला, घराण्यात चालत आलेला. मी हे सांगितलं तर उत्तर आलं, ते खेडं होतं, हे शहर आहे. शहरात माणसं आईची वस्तू जपत नाहीत का?

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. शेक्सपिअरने ही कथा चिंथिओच्या १५६५ च्या इटालियन कथासंग्रहातून उचलली. त्यात रुमाल खलनायक स्वतः लांबवतो, आपली तीन वर्षांची मुलगी नायिकेच्या कडेवर असताना. शेक्सपिअरने ते काम इयागोच्या बायकोला, एमिलियाला दिलं. त्यामुळे शेवटी सत्य बोलायचं ओझंही तिच्यावर येतं, आणि बोलल्याबद्दल नवऱ्याच्याच हातून ती मरते. 'ओंकारा'तली इंदू, म्हणजे तिथली एमिलिया, शेवटी नवऱ्याला, म्हणजे इयागोच्या जागी असलेल्या लंगड्या त्यागीला, संपवते. नाटकातला इयागो मात्र जिवंत राहतो. मला तो बदल पूर्ण पटतो, कारण वस्तू कुणाच्या हातून गेली याचा हिशेब त्यात चुकता होतो. आमच्या व्हिडिओवाल्या ड्राफ्टमध्ये खलनायकाच्या बायकोला कामच उरलं नव्हतं. ती सहा सीनमध्ये नुसता चहा देत होती.

आता हेही मान्य करतो की व्हिडिओवर चांगला थरारपट होऊ शकतो. मोबाईल हद्दपार करा असंही मी म्हणत नाही. ऑथेल्लो लांबून कॅसिओचं हसणं बघतो आणि भलताच अर्थ लावतो, तिथे फोन खुशाल आणा, अर्धंच ऐकू येईल असा. आणि भारद्वाज यांच्याच 'मकबूल'मध्ये 'मॅकबेथ' नाटकातल्या भविष्य सांगणाऱ्या चेटकिणींचे दोन पोलीस झाले तेव्हा वस्तू बदलली, माणसंही बदलली, पण काम तेच राहिलं. मुंबईच्या टोळ्यांत कोण जगणार, कोण मरणार हे आधी कळणार पोलिसालाच. बदल करताना एवढंच तपासायचं.

भाषेचं म्हणाल तर, जी कानात आहे ती घ्या. भारद्वाज मेरठमध्ये वाढले, म्हणून 'ओंकारा'तल्या शिव्याही खऱ्या वाटतात. माझ्या कानात कानपूर नव्हतं, आणि त्या बाबतीत दिग्दर्शकाचं माझ्याबद्दलचं म्हणणं बरोबर होतं. आपल्याकडे देवलांनी १८९० साली ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला तेव्हा डेस्डेमोनाची कमळजा झाली, आणि ती इथलीच वाटते.

आमचा सिनेमा झालाच नाही, पैसे लावणारा मागे फिरला. छल्ला माझ्या वहीत तसाच पडून आहे. हवा असेल तर घ्या. फक्त तो बुलेटच्या किल्लीपर्यंत पोचवणारा हात खलनायकाच्या बायकोचा असू द्या, आणि ती तो देताना पदराने पुसते, तो शॉट कापू नका.