पोस्टपेड बिलात न घेतलेल्या सेवेचे १४९ रुपये लागलेत. भांडावं की भरून मोकळं व्हावं?

तुम्ही विचारलंय की न घेतलेल्या कुठल्यातरी पॅकचे १४९ रुपये बिलात आलेत, मोबाइल कंपनीच्या गॅलरीतला, म्हणजे दुकानातला माणूस ‘आता काही होत नाही’ म्हणतो, तर एवढ्याशा पैशासाठी भांडावं का, आणि तोवर बिल थकवलं तर चालेल का.

भांडा. आमच्या घरी तर यापेक्षाही कमी लागत होते. महिन्याला ९९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११६ रुपये ८२ पैसे. पण त्या पैशापायी माझ्या आईने दोन महिने फोनला हात लावला नाही.

आम्ही परभणी जिल्ह्यातले, सेलूकडचे. मी आणि आई गावी, थोरला भाऊ पुण्याला. घरातले चार नंबर एकाच फॅमिली प्लॅनमध्ये, बिल दादाच्या कार्डावरून आपोआप कटायचं. सात महिने ते बिल कुणी उघडूनही पाहिलं नाही. दादाचं कार्ड बदललं, पैसे कटले नाहीत, तेव्हा कुठे त्याने पाहिलं. आईच्या नंबरापुढे ‘व्हिडिओ पॅक’. त्याने तिथल्या तिथे आईला फोन लावला. म्हणाला, ‘तू कायतरी बटन दाबलंस, म्हणून पैसे चाललेत.’

आई ओसरीवर शेंगा फोडत होती. ‘म्या काय बी दाबलं नाही रे,’ एवढंच म्हणाली आणि फोन फडताळात ठेवून दिला. त्या दिवसापासून फोन वाजला की मला हाक मारायची, ‘बघ रे कुणाचा हाय.’ मी शेतात असलो तर फोन वाजून वाजून बंद पडायचा. मावशीचे फोनही तिने घेतले नाहीत.

आता तिचा फोन कसला, ते ऐका. बटनाचा, मागचं झाकण रबराने बांधलेलं. हिरव्या बटनावरचा रंग पार उडालाय, बाकीची बटनं दुकानातून आणली तशी कोरी. आलेला फोन घ्यायचा, यापलीकडे तिने त्यावर कधी काही केलं नाही.

दादाकडून सातही बिलं मागवून घेतली आणि रात्री एकेक पान पाहिलं. तिसऱ्या पानावर आईचा नंबर. त्याखाली डेटा वापर ०.०० एमबी, आणि दोन ओळी सोडून व्हिडिओ पॅक ९९ रुपये. सातही बिलांत तेच. डेटा शून्य असताना व्हिडिओ पाहिला कुणी? हे कंपनीच्याच कागदावर छापलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या तक्रारीच्या नंबरावर, १९८ ला फोन लावला. (गॅलरीत जाऊन घसा कोरडा करू नका, काउंटरवरच्या पोरांच्या हातात पैसे परत करणं नसतं.) तिकडचा माणूस म्हणाला, ‘सर, दोनदा संमती आल्याशिवाय सेवा चालूच होत नाही.’ बरोबर आहे, ट्रायचा, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाचा, २०१३ चा आदेशच तसा आहे. म्हणून मी तेच धरून बसलो. त्या दोन संमती दाखवा. कुठल्या तारखेला, किती वाजता, कशावरून आल्या? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मग म्हणे, दोन महिन्यांचे परत करतो. दादा म्हणाला, ‘घेऊन टाक ना, कशाला वेळ घालवतोस.’ मी नाही घेतले. दोन महिन्यांचे घेतले असते तर उरलेल्या पाच महिन्यांत बटन आईनेच दाबलं, असं कबूल केल्यासारखं झालं असतं.

तक्रारीचा डॉकेट नंबर घेतला. आठवड्याने ‘तक्रार निकाली’ असा मेसेज आला. बहुतेक लोक इथेच सोडून देतात. सोडू नका. त्यानंतर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत आणि ३९ दिवसांत त्यांना निकाल द्यावा लागतो. मी ईमेलवर अर्ज केला, सात बिलं जोडली, आणि त्या रबर बांधलेल्या फोनचे पुढून-मागून फोटो. एकतिसाव्या दिवशी उत्तर आलं: जीएसटीसकट पूर्ण ८१७ रुपये ७४ पैसे पुढच्या बिलात जमा. चूक कुणाची, त्यावर एक अक्षर नाही.

अपिलातही नाही म्हणाले तर जिल्हा ग्राहक आयोग. टेलिफोनचं भांडण तिथे चालत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या एका निकालामुळे लोकांना तसं परत पाठवायचे, पण १६ फेब्रुवारी २०२२ ला त्याच न्यायालयाने ग्राहकाला आयोगात जाता येतं असं स्पष्ट सांगितलं. ते प्रकरण अहमदाबादच्या एका ग्राहकाचं, सरासरी बिल ५५५ रुपये आणि एका महिन्यात आलं २४,६०९. आपल्याच जिल्ह्यात दाखल करता येतं, वकील लागत नाही, एवढ्या रकमेला फी नाही. मुदत दोन वर्षं. ट्रायला मेल टाकून वाट पाहण्यात अर्थ नाही, एकेकट्या ग्राहकाची तक्रार ते स्वतः सोडवत नाहीत.

हे आधीच सांगायला हवं होतं: भांडण सुरू करण्याआधी ती सेवा बंद करा, १५५२२३ वर फुकट होते, नाहीतर पुढच्या महिन्यात परत लागेल. बिल अख्खं थकवू नका. वादाची रक्कम सोडून बाकीचं भरा आणि तसं लेखी कळवा, नाहीतर आउटगोइंग बंद करतात आणि थकबाकी असताना नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्टही होत नाही. प्रीपेड असेल तर मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा तपशील मागता येतो, त्याचे ५० रुपयांच्या वर घेता येत नाहीत. आणि घरात स्मार्टफोन, लहान पोरं असतील तर आधी घरात विचारा. पण विचारा, आरोप करू नका.

पैसे जमा झाले त्या रात्री मी दादाला बिलाचा फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला. आईला मी सांगितलं, तिने ‘बरं झालं’ म्हटलं आणि फोन फडताळातून काढून उशाशी ठेवला. पण ते तिला माझ्याकडून ऐकायचं नव्हतं. दादा, तू इथे वाचतोस हे मला माहीत आहे. फोन लाव तिला. आता ती उचलते.